जबडा, बाल्कनी आणि मी

"तुझं थोबाड नक्की कसं फुटलं?" हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात मेसमध्ये, लॅबमध्ये, लायब्ररीच्या काउंटरवर, एवढंच काय तर व्हायवाच्या टेबलावरसुद्धा विचारला गेला आहे. प्रत्येकाला वेगवेगळी कथा सांगून कंटाळलो. म्हणून यंदा मराठी विभागासाठी लेख मागितल्यावर ठरवलं, एकदाच काय ते लिहून टाकावं. यात थोडं मेकॅनिक्स आहे, थोडं हॉस्पिटल आहे आणि एक गोष्ट अशी आहे की जी मी घरी फार उशिरा कबूल केली.

तर, ऑगस्ट २०२४. सबमिशनचा आठवडा, बाहेर भुरभुर पाऊस. रात्री साडेदहाला हायवेवरच्या टपरीवर चहा प्यायला मी आणि माझा रूमपार्टनर बाइकवरून निघालो. (फक्त चहाच. रेक्टर सरांनी हे आधीच तीनदा विचारून झालं आहे.) तो चालवत होता, मी मागे. त्याच्या डोक्यावर टोपीसारखं अर्धं हेल्मेट, माझ्या डोक्यावर काहीच नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात तसं लिहिलेलं आहे. पण चहाला जाताना कायदा कोणाला आठवतो? वळणावर रस्त्याच्या कडेला खडी पसरली होती. पुढचं चाक सरकलं. त्याचं कोपर सोलवटलं आणि मी हनुवटीवर आपटलो.

दुखण्याच्या आधी मला एक विचित्र गोष्ट जाणवली. माझे दात माझे राहिले नव्हते. तोंड मिटलं की उजवीकडच्या दाढा आधी टेकायच्या आणि डावीकडे फट राहायची. एकवीस वर्षं न चुकता बसणारी गोष्ट एका सेकंदात बसेनाशी झाली. हे लक्षात ठेवा. जबडा मोडल्याची सगळ्यात भरवशाची खूण हीच आहे, सूज नव्हे आणि रक्तही नव्हे. दुसरी खूण म्हणजे जिभेखाली निळंकाळं रक्त साकळतं. ते आरशात आपलं आपल्याला दिसतं.

मागून दुसऱ्या बाइकवर आलेल्या मित्रांनी प्रेमापोटी मला उताणं झोपवलं. लगेच घशात रक्त उतरायला लागलं आणि मी गुदमरलो. एक ट्रकवाले काका थांबले होते. ते ओरडले, "अरे मारताय का काय त्याला? बसवा, पुढं वाकवा!" पुढे वाकून बसल्यावर रक्त बाहेर पडलं आणि श्वास मोकळा झाला. त्या काकांचं नावही विचारायचं राहिलं. मी शुद्धीवर होतो आणि मान दुखत नव्हती, म्हणून बसवणं चाललं. बेशुद्ध माणसाचं किंवा मानेला मार बसलेल्याचं डोकं-मान एका रेषेत धरून त्याला सगळ्यांनी मिळून कुशीवर करायचं असतं. चेहऱ्याच्या मारात चेहरा कसा दिसेल हा प्रश्न फार नंतरचा. आधी श्वास, मग रक्तस्राव, मग मेंदू आणि मान. हनुवटी दोन्ही बाजूंनी मोडली तर जिभेला पुढे धरून ठेवणारं हाडच मोकळं होतं आणि जीभ मागे पडून श्वास बंद होऊ शकतो. आणि हो, अख्खा दात पडला असेल तर तो मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा आणि दुधात टाकून सोबत न्यायचा. तासाभरात पोचलात तर तो परत बसण्याची शक्यता चांगली असते.

कॅज्युअल्टीत एका इंटर्नने माझ्या दाढांमध्ये ती जीभ दाबायची लाकडी पट्टी दिली आणि म्हणाला, "घट्ट धर, मी पिरगळतो." धड जबड्याचा माणूस पट्टी मोडेपर्यंत धरून ठेवतो. जबडा मोडलेला असेल तर दुखून तोंड उघडतं आणि पट्टी शाबूत राहते. माझी पट्टी शाबूत राहिली. इतकी स्वस्त टेस्टिंग रिग मी आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्येही पाहिली नाही. हे ऐकल्यावर आमच्या विंगमधल्या सगळ्यांनी आइस्क्रीमच्या काड्या चावून स्वतःचे जबडे तपासून घेतले. सगळे पास.

मग ओपीजी, म्हणजे अख्खा जबडा सपाट करून दाखवणारा एक्सरे, आणि सीटी स्कॅन. निकाल असा: डावीकडे सुळ्याच्या खाली जबडा आरपार मोडलेला. आणि उजवीकडे, कानाच्या पुढे जिथे सांधा असतो, तिथली जबड्याची मान मोडलेली. तिच्या टोकाला जो गोळा असतो त्याला कॉन्डाइल म्हणतात.

माझा पहिला प्रश्न होता, मार तर हनुवटीला लागला, मग कानाजवळ कसं मोडलं? इथे आपलं शिक्षण कामाला आलं. खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली तुळई, दोन्ही टोकं कवटीच्या खोबणीत बसलेली. पुढे मध्यावर फटका बसला की बल दोन्ही बाजूंनी मागे जातं आणि जिथे छेद सगळ्यात बारीक तिथे तुळई मोडते. ती जागा म्हणजे कॉन्डाइलची मान. म्हणूनच जबडा बऱ्याचदा एका जागी मोडत नाही, दोन जागी मोडतो, आणि एक सापडला की दुसरा शोधायचा असा डॉक्टरांचा रिवाजच आहे. अक्कलदाढ हाडात अडकून बसली असेल तर तिथेही हाड कमी भरतं आणि जबड्याच्या कोपऱ्यात मोडण्याची शक्यता वाढते. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन, दुसरं काय!

पण ती मान बारीक आहे हे बरंच आहे. कॉन्डाइलच्या वर कवटीचं पातळ हाड आणि त्याच्या वर थेट मेंदू. मान मोडली नसती तर तो गोळा वर घुसला असता. मेकॅनिकलवाले याला शिअर पिन म्हणतील, इलेक्ट्रिकलवाले फ्यूज म्हणतील. माझा फ्यूज उडाला आणि वरचं सर्किट वाचलं. (सर्किट आधीपासूनच बिघडलेलं होतं असं माझा रूमपार्टनर म्हणतो.)

चेहऱ्याच्या वरच्या भागाचं गणित निराळं आहे. तिथे हाडं अंड्याच्या कवचासारखी पातळ, पण त्यांच्यामधून उभे खांब गेलेले आहेत: नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या हाडांतून आणि मागे टाळूच्या पाठीशी. चावण्याचं वजन हे खांब कवटीपर्यंत पोचवतात. बाकीच्या भिंती निव्वळ पार्टिशन. फ्रान्सच्या लील शहरातल्या रने ल फोर या सर्जननी ३५ मृतदेहांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात करून, मग हाडं मोकळी करून पाहिली आणि १९०१ साली निष्कर्ष मांडला की चेहरा वाटेल तसा फुटत नाही, तो ठरावीक तीन रेघांवर सुटतो. पहिल्या रेघेत दातांच्या मुळांच्या वरून आडवा, टाळूसकट. दुसरीत नाकाच्या मुळापासून पिरॅमिडसारखा. तिसरीत अख्खा चेहरा कवटीपासून वेगळा. ऐकायला भयानक आहे, पण शेवटी ते डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगच. आजही केसपेपरवर 'ल फोर एक, दोन, तीन' असं लिहितात.

माझ्या समोरच्या कॉटवर असंच एक गालाचं हाड होतं. त्यांना सगळे मामा म्हणायचे, म्हणून मीही. शेतकरी माणूस, गोठ्यात बैलानं मान झटकली आणि शिंग गालावर बसलं. ते दवाखान्यात आले पाच आठवड्यांनी. का? तर "पोरा, सूज हुती तवर गाल चांगला टम्म दिसत हुता. सूज उतरली आन् खड्डा पडला. मग वर बगितलं की एकाचे दोन बैल दिसाय लागले." सुजेनं मार झाकला होता. गालाचं हाड म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ आणि बाहेरची भिंत. ते आत बसलं की डोळ्याचा लेव्हल बिघडतो. पहिल्या दिवसांत साधं बसलेलं हाड उचलायला केसांमध्ये छोटा छेद घेऊन आतून पट्टी सरकवायची आणि पहारीसारखी उचलायची, एवढं पुरतं. ही युक्ती हॅरॉल्ड गिलीज यांनी १९२७ मध्ये सांगितली. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे फुटलेले चेहरे दुरुस्त करून ज्यांनी नाव कमावलं, तेच हे गिलीज. पण तीन आठवडे उलटले की हाड वाकडं असेल तिथेच जुळायला लागतं. मामांचं जुळलेलं हाड पुन्हा कापून, हलवून, प्लेटा लावून बसवावं लागलं. दोन-चार दिवस थांबल्यानं फारसं बिघडत नाही. सूज उतरायला डॉक्टर स्वतःच थांबतात. पण ते दिवस दवाखान्याच्या नजरेखाली जायला हवेत, गोठ्यात नव्हे.

आता माझ्या ऑपरेशनकडे येतो. मला सगळ्यात आधी आश्चर्य वाटलं ते हे की ऑपरेशन दातांच्या कॉलेजातून आलेले डॉक्टर करणार होते. बीडीएस, मग एमडीएस, ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी. बाबांना तर हे पटेचना. "दातवाले हाड कसं बसवणार?" पण विचार केला तर उत्तर सोपं आहे. हाड नीट बसलं की नाही हे मोजायचं कशावरून? आपण जॉब मशीनवर लावताना आधी डेटम ठरवतो. जबड्याचा डेटम म्हणजे दात. वरच्या आणि खालच्या दातांचा मेळ जमला की हाड आपोआप जागेवर येतं. हाड एक्सरेत सुंदर दिसलं आणि दात अर्ध्या मिलिमीटरनं चुकले, तरी पेशंटला प्रत्येक घासाला ते कळतं. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसनं मोडलेल्या जबड्याचे शेजारशेजारचे दात सोन्याच्या तारेनं बांधायला सांगितलं होतं. म्हणजे डेटम तेव्हापासूनचा. म्हणूनच ऑपरेशनमध्ये भुलीची नळी तोंडातून न घालता नाकातून घालतात, कारण टेबलावरच दातांवर दात बसवून बांधायचे असतात.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. वर-खाली दातांना आर्च बार नावाच्या पट्ट्या तारेनं बांधल्या, दात मेळात आणले, आणि मग तोंडाच्या आतूनच ओठाखाली छेद घेऊन डावीकडच्या फ्रॅक्चरवर दोन टायटॅनियमच्या प्लेटा बसवल्या. बाहेर एकही टाका नाही.

प्लेट पाहिली तर हसू येईल. चार भोकांची, १ मिलिमीटर जाडीची, स्क्रू २ मिलिमीटर व्यासाचे. दाढांमध्ये तरुण माणूस ५०० न्यूटनच्या आसपास जोर लावू शकतो. त्यापुढे ही पत्र्याची पट्टी कशी टिकणार? याचं उत्तर सिव्हिलवाल्यांना माहीत आहे, पण त्यांना माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. बाल्कनीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळई कुठे टाकतात? वरच्या बाजूला, कारण कॅन्टिलिव्हरमध्ये ताण वर येतो आणि दाब खाली. दाब काँक्रीट सोसतं, ताण सळई. मिस्त्रीनं सळई चुकून खाली टाकली तर बाल्कनी पडते. जबडाही तसाच. चावताना वरच्या, दातांकडच्या कडेला ताण येतो आणि खालच्या कडेला दाब. दाबाच्या बाजूला हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर टेकलेले असतात, ते आपलं काम करतात. प्लेटनं फक्त ताणाची बाजू सांभाळायची. फ्रान्समध्येच बोर्दो इथल्या मिशले यांनी १९७३ मध्ये अशा छोट्या प्लेटा वापरून दाखवल्या आणि स्ट्रासबुर्गच्या मॅक्सिम शाँपी यांनी १९७८ मध्ये त्या जबड्यावर नेमक्या कुठल्या रेघेवर बसवायच्या ते मांडलं. अगदी वर दातांची मुळं, म्हणून मुळांच्या जरा खाली. स्क्रू हाडाच्या फक्त बाहेरच्या कडक थरात, म्हणजे आतली नस आणि मुळं वाचतात. आणि हनुवटीच्या भागात वाकण्याबरोबर पीळही पडतो, म्हणून तिथे एक नाही, दोन प्लेटा, एकमेकींपासून थोड्या अंतरावर. मला दोन का लावल्या याचं बिलातलं उत्तर हे होतं.

यात एक अट आहे. हाडाचे तुकडे एकमेकांत नीट बसत असतील तरच वजन वाटून घेतलं जातं. हाडाचा चुरा झाला असेल, किंवा दात पडून जबडा पेन्सिलीसारखा बारीक झालेली म्हातारी माणसं असतील, तर टेकायला हाडच नसतं. तिथे जाड, लांब प्लेट लावून सगळं वजन तिच्यावरच टाकावं लागतं आणि निकालाची खात्रीही कमी होते. टायटॅनियमच का, तर ते शरीराला चालतं, सहसा काढावं लागत नाही आणि लवचिक आहे. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०, हाडाचा साधारण १५ ते २०. प्लेट फार ताठ असेल तर सगळं वजन तीच घेते आणि हाड आळशी होतं. आपल्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये होतं तसं.

उजवीकडचा कॉन्डाइल मात्र उघडला नाही. तिथे चेहरा हलवणारी नस जवळून जाते. तुकडा फार सरकला असेल, जबड्याची उंची कमी होत असेल तर उघडतात. माझा थोडाच सरकला होता. म्हणून दोन आठवडे दातांना रबरं लावून तोंड बंद, आणि पुढे व्यायाम.

तोंड बंद म्हणजे खरोखर बंद. मी दात न उघडता बोलायला शिकलो. गळ्यात सुतळीला एक छोटी कात्री, कारण उलटी झाली तर रबरं कापता आली पाहिजेत. नाहीतर तीच छातीत जाईल. ती कात्री घालून मी प्रॅक्टिकलला गेलो तेव्हा लॅब असिस्टंट मामांनी "टेलरिंगला ॲडमिशन घेतलंस का?" असं विचारलं. जेवण म्हणजे सिरिंजला रबरी नळी लावून गालातून मागे सोडायचं. आमच्या मेसच्या मावशींनी वरण, भोपळा, पालक, नाचणीची आंबील, जे मिक्सरमधून निघेल ते सगळं गाळून दिलं. रूमपार्टनर रोज तीन वेळा मिक्सर लावायचा आणि सिरिंज धुवायचा. एक अक्षर बोलायचा नाही. बाइक त्यानं दोन महिने बाहेर काढली नाही. माझं वजन सात किलो उतरलं.

आता ती गोष्ट. भरती होताना केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमनी विचारलं होतं, "तंबाखू, सिगारेट, गुटखा?" बाबा शेजारी उभे होते. ते एसटीत कंडक्टर आहेत, डबल ड्यूटी करून रात्रीच्या गाडीनं आले होते, अंगावर खाकी तशीच. मी मानेनंच "नाही" म्हटलं. मी दुसऱ्या वर्षापासून दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढत होतो.

दवाखान्यात असताना गप्प राहिलो. सबमिशनसाठी हॉस्टेलवर परतलो आणि ऑपरेशनच्या आठव्या दिवशी गच्चीवर जाऊन एक ओढली. दात बांधलेले असले तरी ओठ मोकळे असतात. मग रोज दोन-तीन. बाराव्या दिवशी तोंडात घाण चव यायला लागली. आरशात ओठ खाली ओढून पाहिलं तर टाके सुटले होते, पू होता आणि आत काहीतरी राखाडी चमकत होतं. ती वरची प्लेट होती.

मॅडमनी जखम धुतली आणि तोच प्रश्न परत विचारला. या वेळी बाबा नव्हते. मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. केसपेपरवर लिहिता लिहिता समजावलं. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. त्यात ओढताना तोंडात जी पोकळी तयार होते ती टाक्यांवर जोर टाकते. जबड्याचं फ्रॅक्चर दातांच्या फटीतून तोंडातल्या जंतूंना आधीच उघडं असतं. म्हणून तर पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक आणि दिवसातून चार वेळा गुळण्या. मी विचारलं, "मग हे सिगारेटमुळेच झालं का?" त्या म्हणाल्या, "एकट्या तुझ्याबद्दल तसं कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही. न ओढणाऱ्यांचेही टाके सुटतात. पण ओढणाऱ्यांचे जास्त सुटतात. आणि मला आधी माहीत असतं तर मी तुला दहाव्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी बोलावलं असतं."

मी उत्तर चुकीचं दिलं आणि डिझाइन त्या उत्तरावर झालं. आपण लोड चुकीचा धरून कॉलम काढला तर आपले सर काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे.

प्लेट घट्ट होती, म्हणून हाड जुळेपर्यंत ती तशीच ठेवायची ठरली. रोज धुवायचं, औषधं. पुढच्या तपासणीला बाबा सोबत आले. फाइल त्यांच्या हातात होती. कंडक्टर माणूस, कागद वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय देत नाही. त्यांनी वाचला. दवाखान्यात काही बोलले नाहीत, रिक्षात काही बोलले नाहीत. स्टँडवर गाडी लागल्यावर चढता चढता एवढंच म्हणाले, "मला नव्हतं सांगायचं तर नव्हतं. डॉक्टरला तरी खरं सांगायचं होतंस." मी त्यानंतर ओढलेली नाही. सोपं गेलं असं म्हणत नाही.

रबरं निघाली तेव्हा तोंड १७ मिलिमीटर उघडत होतं. वर्कशॉपच्या वर्निअरनं स्वतः मोजलं. साधारण ४० मिलिमीटर, म्हणजे आपली तीन बोटं उभी मावतील एवढं उघडायला हवं. सांधा मोडल्यावर बराच काळ गप्प ठेवला तर तो आखडतो. लहान मुलांमध्ये तर हाडाला हाड चिकटून जबडा कायमचा बंद होऊ शकतो. म्हणून व्यायाम, आणि तो कंटाळवाणा असतो. दाढांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा धरायचा आणि काही दिवसांनी त्यात एक काडी वाढवायची. दर वेळी डोळ्यात पाणी. आरशासमोर उभं राहून हनुवटी सरळ खाली न्यायची, कारण ती सारखी मोडलेल्या बाजूला, उजवीकडे पळते. पहिला आठवडा मी परीक्षेचं कारण सांगून टाळला आणि पुढच्या आठवड्यात गठ्ठ्यातून एक काडी कमी करावी लागली. मग रूमपार्टनरनं काड्या आपल्या ताब्यात घेतल्या आणि रात्री नऊला माझ्यासमोर बसायला लागला. डिसेंबरमध्ये ३८ झालं. आजही तेवढंच आहे.

हाड जुळलं, पण वरच्या प्लेटच्या जागी अधूनमधून पुळी येतच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये तेवढ्या जागेला भूल देऊन ती काढली, अर्ध्या तासाचं काम. खालची आतच आहे. डाव्या ओठाखाली एक रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे, कारण त्याच भागातून ओठाची नस बाहेर पडते आणि ती ताणली गेली होती. ती पहिल्या वर्षभरात सुधारत जाते. माझी बरीच सुधारली, पूर्ण नाही. चहा ओघळला तर मला कळत नाही, समोरच्याला कळतं.

मामा ऑक्टोबरमध्ये ओपीडीत भेटले होते. गाल भरला होता. समोर बघताना एकच बैल दिसतो म्हणाले. वर बघितलं की अजून दोन. "वर बगायचं कामच काय शेतकऱ्याला, पाऊस सोडला तर?"

रूमपार्टनरनं पुढे हनुवटी झाकणारी दोन पूर्ण हेल्मेटं घेतली. अर्ध्या हेल्मेटनं त्याची कवटी वाचली असती, जबडा नव्हे. काढलेली प्लेट मी मागून घेतली. कंपास बॉक्समध्ये आहे, ज्याला पाहायची असेल त्यानं रूमवर यावं. वर्निअर लावून बघितलंय, बरोबर १ मिलिमीटर.

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल